कुंडीतला ख्रिसमस ट्री स्प्रूस नव्हे
पुण्यातील नर्सऱ्यांत डिसेंबरमध्ये कुंडीत मिळणारे ख्रिसमस ट्री हिमालयातील स्प्रूसच (थंड डोंगरांतले सुईसारख्या पानांचे झाड) असते, असे कोणी म्हटले तर ते पटत नाही; ते बहुधा नैर्ऋत्य पॅसिफिकच्या बेटांवरील अरौकेरिया या दुसऱ्याच जातीचे झाड असते. हिमालयी स्प्रूस, ज्याला हिमाचलात राई म्हणतात (मोहरी नव्हे), अफगाणिस्तानापासून मध्य नेपाळपर्यंत साधारण २४०० ते ३६०० मीटर उंचीवर वाढतो आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तो तगणे कठीणच.

मनालीकडे गेल्यास (तिथेही आपली मंडळी अशा सगळ्या झाडांना सरसकट देवदारच म्हणतात) राईची सुई, म्हणजे सुईसारखे पान, बोटांत फिरवून पाहावी: तिच्या चार कडा जाणवतात, आणि सुया गळाल्यावर उरलेल्या बारीक खुंट्यांमुळे डहाळी खरखरीत लागते. राईचे शंकू (बिया धरणारी बोंडे) खाली लोंबतात व अखंड गळतात. देवदाराचे मात्र फांदीवर उभे असतात आणि झाडावरच सुटे होतात.