सात कनेक्टर मिळून मायक्रोकंट्रोलरपेक्षा महाग, असं का?

बोर्डवाला_२२
मंडळी, छोटा मोटर कंट्रोलर बोर्ड करतोय, पहिल्यांदाच हजार नग बनवायचेत. बीओएम (लागणाऱ्या सगळ्या भागांची यादी) काढला आणि डोकंच गरगरलं. सातही कनेक्टर मिळून किमतीत मायक्रोकंट्रोलरच्या (बोर्डावरच्या मुख्य चिपच्या) वर जातायत आणि त्यातल्या दोघांचा लीड टाइम, म्हणजे ऑर्डरपासून माल हाती येईपर्यंतचा वेळ, वीस आठवडे दाखवतोय! चिपचं समजू शकतो, पण हा म्हणजे प्लास्टिकचा डबा आणि आत चार पत्र्याच्या पट्ट्या ना? याला इतका वेळ कशाला लागतो? आणि 'जेएसटी टाइप' म्हणून (जेएसटी कंपनीच्या कनेक्टरच्या नकला) जे स्वस्तात मिळतात ते बिनधास्त वापरावेत का? ज्यांनी प्रॉडक्शन केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

क्रिम्प_मास्तर
भाऊ, 'पत्र्याच्या पट्ट्या' म्हणालास तिथेच चुकतोयस. मी स्टॅम्पिंग लाइनवर बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो. ती पट्टी म्हणजे स्प्रिंग असते, फॉस्फर ब्रॉन्झची नाहीतर बेरिलियम कॉपरची. समोरच्या पिनवर ती वर्षानुवर्षं तेवढ्याच जोराने दाबून राहिली पाहिजे, ढिली पडली की संपलं. एका बाजूने मेटलची पट्टी प्रोग्रेसिव्ह डायमध्ये जाते, प्रेसच्या प्रत्येक ठोक्याला एक घर पुढे सरकते, कुठे कापली जाते कुठे वाकते, आणि शेवटच्या घरातून तयार टर्मिनल बाहेर पडतं. मग रीलवरच प्लेटिंग, म्हणजे टिनचा नाहीतर सोन्याचा पातळ थर. हाउसिंगचे (प्लास्टिकच्या डब्याचे) मोल्ड वेगळे, ४ पिनला वेगळा, १० पिनला वेगळा. असा एक डाय बनवून सेट करायला महिने जातात, त्यामुळे मागणी वाढली म्हणून लगेच माल वाढवता येत नाही.

प्लास्टिकचंही तेच. लेड-फ्री सोल्डरिंगमध्ये रीफ्लो ओव्हन (ज्यात अख्खा बोर्ड तापवून सोल्डर वितळवतात) २६० अंशांच्या आसपास जातो, साधं पीबीटी प्लास्टिक तिथे टिकत नाही, एलसीपीसारखं रेझिन घ्यावं लागतं. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्ससमध्ये बर्फ पडून पेट्रोकेमिकल प्लांट बंद पडले होते, आठवतंय का कुणाला? नायलॉन ६६ मिळेना, आणि गाड्यांचे कितीतरी कनेक्टर त्याचेच असतात.

खरेदी_ताई
मास्तरांनी कारखान्याचं सांगितलं, मी खरेदीच्या बाजूने सांगते. या धंद्यात मोठी नावं मोजकीच, टीई कनेक्टिव्हिटी, अँफेनॉल, मोलेक्स, मग जपानचे जेएसटी, हिरोसे, जेएई आणि आता चीनची लक्सशेअर. आणि ती एकमेकांना गिळत मोठी झालीत. एएमपी १९९९ मध्ये टायकोने घेतली, तीच पुढे टीई झाली. मोलेक्स २०१३ मध्ये कोक इंडस्ट्रीजने साधारण ७.२ अब्ज डॉलरला घेतली. अँफेनॉलने २०१६ मध्ये एफसीआय घेतली. मोठी गिऱ्हाइकं म्हणजे गाड्या, टेलिकॉम आणि आता एआयचे सर्व्हर, तिथे एका लेनमधून (डेटाच्या एका वाटेतून) सेकंदाला २२४ गिगाबिट नेणारे कनेक्टर लागतात आणि कंपन्यांचं सगळं लक्ष तिकडे. तुझे हजार नग रांगेत कुठे असतील बघ.

खरी गोम अशी की कनेक्टर कधी एकटा विकत घेतला जात नाही. बोर्डावरचा हेडर (पिनांचा भाग) घेतलास की समोरचं हाउसिंग, टर्मिनल, क्रिम्प टूल (वायरवर टर्मिनल दाबून बसवायचं हत्यार), केबलवाल्याचं सेटिंग, सगळं त्याच सिरीजचं होतं. चिप बदलायची तर फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम) बदलून भागतं एकवेळ, कनेक्टर बदलायचा तर बोर्ड आणि केबल दोन्ही बदलतात. म्हणून मी डिझाइनवाल्यांच्या मागे लागते की कनेक्टर आधी ठरवा, आणि दुसरी कंपनी तोच बनवते का ते पार्ट नंबर लिहायच्या आधी बघा. तुझे ते वीस आठवड्यांचे दोन नक्की एकाच कंपनीचे असणार.

पिच_२५४
क्लोनबद्दल, म्हणजे त्या स्वस्त नकलांबद्दल, माझा अनुभव लिहितो, कारण याच्यात आमची अख्खी बॅच अडकली होती. जेएसटीच्या एक्सएच सिरीजचा पिच (शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर) २.५ मिलिमीटर आहे, २.५४ नाही. डिझाइन सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत कुणीतरी २.५४ चा फूटप्रिंट (बोर्डावरच्या पिनांच्या जागांचा आराखडा) टाकलेला, ४ पिनच्या प्रोटोटाइपमध्ये हेडर आरामात बसला म्हणून कुणाला शंकाच आली नाही. फायनल बोर्डावर १० पिनचा आला आणि बसेना. प्रत्येक पिनला ०.०४ चा फरक, नऊ गॅपचे ०.३६ मिलिमीटर! असेंब्लीवाल्याने दाबून बसवले, कडेच्या पिना तिरक्या झाल्या आणि केबल लावताना टर्मिनल मागे सरकायला लागली. गंमत म्हणजे स्वस्तातले काही 'टाइप' कनेक्टर खरोखरच २.५४ चे निघतात, त्यामुळे लिस्टिंगवरच्या नावावर जाऊ नको, ड्रॉइंग मागव, नाही दिलं तर घेऊ नको. हेडर एका कंपनीचा आणि हाउसिंग क्लोनचं असं मिक्स तर करूच नको, लॉक बसल्याचा टक आवाज येतो पण आतला दाब किती ते कोण सांगणार? एक्सएचचं ३ अँपिअर रेटिंग जेएसटीच्या स्वतःच्या जोडीला आहे, तेही २२ गेजच्या वायरला.

क्रिम्प_मास्तर
आणि मोटर म्हणालास म्हणून अजून एक, प्लेटिंग बघ. एका बाजूला सोनं आणि दुसऱ्या बाजूला टिन असं कधी लावू नये. मोटरच्या व्हायब्रेशनने कॉन्टॅक्ट केसभर हलत राहतो, टिन घासून सोन्यावर चढतं, त्याचा ऑक्साइड होतो, परत घासतं, परत ऑक्साइड, आणि काळपट थर साचून रेझिस्टन्स वाढत जातो. फॉल्ट असा की कनेक्टर काढून परत लावला की बोर्ड चालू, आठवड्याने परत बंद. सर्व्हिसवाला फर्मवेअरला दोष देत बसतो. सोन्याला सोनं, टिनला टिन.

बोर्डवाला_२२
मास्तर, आत्ता बीओएम उघडून बघितलं. मोटरच्या सेन्सरचा हेडर गोल्ड फ्लॅश (सोन्याचा अगदी पातळ थर) आहे आणि केबलवाल्याने कोटेशनमध्ये टर्मिनल टिनची दिलीत. दोन्ही मीच अप्रूव्ह केलं होतं, जरा हादरलोय. केबलची ऑर्डर थांबवलीये. ताई, ते दोन्ही एकाच कंपनीचे निघाले, बरोबर ओळखलंत. बोर्ड अजून फॅबला (बनवायला कारखान्यात) गेला नाहीये, म्हणजे फूटप्रिंट बदलता येईल. पिच सगळ्यांचे ड्रॉइंगवरून परत तपासतोय, तीन झाले, चार राहिलेत. १० पिनवाला नेमका एक्सएचच आहे.