वाळवंटातल्या मातीतल्या बॅक्टेरियाला अँटिबायोटिक कशाला लागतं?

कुतूहल: चिलीतल्या अटाकामा वाळवंटातल्या स्ट्रेप्टोमायसिस लेव्हेनहोकी ह्या बॅक्टेरियाबद्दल वाचतोय. एक कळत नाही, जिथं वर्षानुवर्षं पाऊस नाही, खायची मारामार, तिथं हा भांडणार कोणाशी? मग एवढी अँटिबायोटिक्स कशासाठी? आणि ह्यातून औषध मिळेल का?

बीजाणू: अरे खायला कमी म्हणून तर भांडण जास्त! स्ट्रेप्टोमायसिस बुरशीसारखे बारीक धागे काढत वाढतो, खाणं संपत आलं की स्वतःचेच जुने धागे मोडतो आणि त्यातून मिळालेल्या मालावर बीजाणू तयार करतो, साधारण त्याच सुमाराला अँटिबायोटिक सोडतो. तो आयता माल दुसऱ्या जंतूंनी पळवू नये म्हणून हा बंदोबस्त, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. बीजाणू मग कोरड्यात तग धरून राहतात.

रसायनवाली: ह्याचा सी३४ हा स्ट्रेन, म्हणजे एक वाण, सालार दे अटाकामा ह्या मिठाच्या मैदानातल्या चाक्सा लगूनजवळच्या मातीतून मिळालाय, म्हणून संयुगांची नावं चाक्सामायसिन, चाक्सालॅक्टिन अशी. २०११ मध्ये ती जाहीर झाली, बॅक्टेरियाचं बारसं मात्र २०१४ मध्ये. चाक्सामायसिन हे रिफामायसिनच्या घराण्यातलं, म्हणजे टीबीवरचं रिफाम्पिसिन ज्यातलं तेच घराणं. त्यातलं चाक्सामायसिन डी हे एमआरएसएवर, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूवर, लॅबमध्ये चांगलं चाललं. जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या सगळ्या जनुकांच्या संचात, तर अशी संयुगं बनवणारे ३५ च्या आसपास जीन क्लस्टर (जनुकांचे गट) सापडलेत!

कुतूहल: ३५? मग हाती दोन-चारच प्रकार का लागलेत?

बीजाणू: कारण लॅबच्या बशीत बरेचसे क्लस्टर गप्प बसतात, ज्या इशाऱ्यावर ते जागे होतात तो इशाराच तिथं नसतो. खाद्यात बदल केला की वेगळं संयुग निघतं, चाक्सालॅक्टिन तसंच मिळालं. दुसरा रस्ता म्हणजे क्लस्टर उचलून ओळखीच्या स्ट्रेनमध्ये घालायचा, चाक्सामायसिनचा क्लस्टर स्ट्रेप्टोमायसिस कोएलिकलरमध्ये घातला तर त्यानंही ते बनवून दाखवलं.

रसायनवाली: औषधाचं म्हणशील तर अजून लांबचा पल्ला आहे. लॅबमध्ये जंतू मरणं वेगळं आणि ते माणसाच्या शरीरात त्रास न देता काम करणं वेगळं, शिवाय पुरेसा माल बनवता यायला हवा. पण स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये ह्याच वंशाच्या मातीतल्या बॅक्टेरियातून मिळालं आणि टीबीवरचं पहिलं परिणामकारक अँटिबायोटिक ठरलं, त्यामुळे अशा जागा धुंडाळत राहायलाच हव्यात असं मला मनापासून वाटतं.