मदत हवी आहे : वडिलांची डावी किडनी आताच काढावी की नळीवर थोडे थांबावे?

नमस्कार. आम्ही सोलापूरचे. माझ्या वडिलांचे (वय 61, मधुमेह आहे) सारे आयुष्य पूर्व भागातल्या यंत्रमागांवर गेले. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली बारा-बारा तास उभे राहताना पाणी पिण्याचे भान त्यांना नसायचे. मुतखड्याचा त्रास जुनाच होता, पण कळ थांबली की औषधही थांबायचे.

गेल्या महिन्यात हुडहुडी भरून ताप आला. सीटी स्कॅनमध्ये डाव्या किडनीत सांबरशिंगासारखा फाटे फुटलेला खडा आणि साचलेला पू दिसला. पाठीतून नळी घालून पू काढला. सुरुवातीला पिशवीत ताकासारखे गढूळ पाणी येत होते, आता ते निवळले आहे. रोज सकाळी सहा वाजता मी ते मोजून कॅलेंडरच्या मागे लिहितो. चोवीस तासांत जेमतेम दीडशे मिली भरते. डीटीपीए स्कॅननुसार (कोणती किडनी किती काम करते हे दाखवणारी तपासणी) एकूण कामापैकी डावीचा वाटा 9 टक्केच आहे. उजवी चांगली असून क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारी रक्ततपासणी) 1.1 आहे. खडा तसाच राहिला तर पुन्हा पू होईल आणि मधुमेहात तो जिवावर बेतू शकतो, म्हणून किडनी काढावी, असे डॉक्टरांचे मत आहे.

किडनी काढायची म्हटल्यावर आत्याला कॅन्सरच वाटला आणि ती रडू लागली. खडा, मूत्रनलिकेचा जन्मजात अरुंदपणा किंवा क्षय यांनीही किडनी निकामी होते, हे तिला समजावले. 1869 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला सर्जन गुस्टाव्ह सिमोन यांनी ठरवून केलेली किडनी काढण्याची पहिली शस्त्रक्रियाही कॅन्सरसाठी नव्हती, मूत्रनलिकेच्या इजेसाठी होती, आणि ती रुग्ण बाई एका किडनीवर बरी झाली, हे ऐकल्यावर आत्या जरा सावरली.

माझी खरी अडचण वेगळी आहे. हा डीटीपीए स्कॅन नळी घातल्यावर चौथ्याच दिवशी, ताप असतानाच झाला. चार ते सहा आठवडे पू वाहून गेल्यावर पुन्हा स्कॅन करून मग निर्णय घेतात, असे समजले. असे थांबल्यावर कोणाच्या रुग्णाच्या किडनीच्या कामाचा आकडा वाढला का, की त्या काळात पुन्हा ताप आला? शिवाय जुन्या पुवामुळे किडनी आतड्याला, प्लीहेला चिकटलेली असते. अशा वेळी दुर्बिणीतून सुरू केलेली शस्त्रक्रिया मध्येच पोट उघडून करावी लागली असल्यास तोही अनुभव कृपया लिहावा. काढलेली किडनी तपासणीला पाठवतात ना, क्षय त्यातच कळतो का, हेही विचारायचे आहे.

येत्या सोमवारी आम्हाला डॉक्टरांना होकार किंवा नकार कळवायचा आहे.