सल्ला हवा: गणित + जीवशास्त्र, बी.एस्सी.चा प्रकल्प, बजेट २५०० (कोल्हापूर)

ऊसमळा: नमस्कार मंडळी. मी बी.एस्सी. भाग २, गणित. मैत्रीण प्राणिशास्त्राला. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघींनी मिळून काहीतरी करायचंय, ज्यात आकडे आम्ही स्वतः गोळा केलेले असतील आणि समीकरणंही खरी असतील. खर्च २५०० च्या आत. लॅपटॉप आहे, जुना. विषय सुचवा.

पेठेतला: आधी लॅपटॉप बदला. मी ७२ हजारांचा घेतला, लई भारी चालतोय.

रंकाळाकाठ: अहो, २५०० म्हणालीय ती. आर, पायथन, ऑक्टेव्ह ही आकडेमोडीची सॉफ्टवेअर तिन्ही फुकट आहेत आणि जुन्या मशीनवर चालतात. ताई, डेंग्यूवर करा.

निवृत्त_मास्तर: साथीवरच करावे. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथ कशी पसरते याचे १९२७ साली मांडलेले गणिती प्रारूप ताडून पाहिले ते आपल्या मुंबईच्या १९०५-०६ मधल्या प्लेगच्या मृत्यूंवर. निरोगी, बाधित आणि साथीतून बाहेर पडलेले असे तीन गट, तीन अवकल समीकरणे. भाग २ च्या विद्यार्थिनीला सहज झेपेल.

हिरवा_कप: सर, पण तिला स्वतःचे आकडे हवेत. साथीचे कुठून आणणार? डकवीड घ्या. डबक्यावर तरंगतं ते बारीक हिरवं. पारदर्शक कपांत थोडी थोडी टाकायची, रोज वरून फोटो काढून पानं मोजायची. संख्येचा लॉग घेतला की सुरुवातीला सरळ रेघ येते, मग कप भरत आला की ती वाकते. हेच फेरहुल्स्टचं १८३८ चं लॉजिस्टिक समीकरण. एका कपावर भागवू नका, पाच-सहा तरी ठेवा. आणि चिठ्ठ्या चिकटवा! आमच्या कॉलेजात माझा अख्खा ट्रे कुणीतरी घाण पाणी समजून मोरीत ओतला. अजून राग येतो.

रंकाळाकाठ: डकवीड कशाला, पंचगंगेत जलपर्णी ढिगानं आहे.

हिरवा_कप: जलपर्णी घरी आणू नका. काम झाल्यावर लोक ओढ्यात टाकतात आणि तिथं नवीन पसरते.

रंकाळाकाठ: ओढ्यात टाका असं कोण म्हणालं?

पेठेतला: आर, पायथन फुकट असतात हे मी सांगणारच होतो. पण रॅम १६ तरी पाहिजेच.

भाग३_वाली: देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींची मिळून असलेली उन्हाळी फेलोशिप बघ. पण अर्ज आदल्या वर्षीच भरावे लागतात, त्यामुळे यंदाची गेली. पुढच्या वर्षासाठी आत्ताच ध्यानात ठेव.

ऊसमळा: सगळ्यांचे मनापासून आभार. आमचं ठरलं: हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याची जमिनीतली अळी. मामांचा ऊस कागलकडे आहे, हुमणीनं दरवर्षी मुळं खाऊन ठोंब वाळतात. वळीव झाला की भुंगेरे तिन्हीसांजेला बांधावरच्या बाभळीवर आणि कडुनिंबावर येतात. दिव्याचा सापळा लावायचा, खाली परातीत पाणी आणि थोडं रॉकेल. अंडी, अळी, कोष, भुंगेरा अशा टप्प्यांचं लेस्ली मॅट्रिक्स मांडणार, म्हणजे एका टप्प्यातले किती जगून पुढच्यात जातात आणि किती अंडी घालतात याचा आकड्यांचा तक्ता. खर्च बल्ब, वायर आणि एसटीचा.

निवृत्त_मास्तर: मुली, हुमणीची वर्षाला एकच पिढी. सुट्टीत तुला भुंगेरे तेवढे दिसतील, बाकीचे मॅट्रिक्स रिकामे राहील. साथीचे प्रारूप घे.

हिरवा_कप: सरांचं बरोबर आहे. डकवीडच्या सुट्टीभरात कितीतरी पिढ्या होतात.

ऊसमळा: माहीत आहे, सर. सुट्टीत भुंगेरे मोजू. जुलै-ऑगस्टमध्ये रविवारी जाऊन चौरस मीटरचे खड्डे घेऊन अळ्या मोजू. पुढचं भाग ३ मध्ये. मामांना उत्तर हवंय की भुंगेरे गोळा केले तर पुढच्या वर्षी अळ्या खरंच किती कमी होतात. मला तेच काढायचंय. सापळ्याला साधा पिवळा बल्ब की एलईडी?

भाग३_वाली: पांढऱ्या-निळसर उजेडाकडे किडे जास्त येतात. पण कुठलाही लाव, रोज तोच बल्ब, तीच उंची आणि तीच वेळ ठेव. मधेच बदललास तर आधीचे आकडे नंतरच्यांशी ताडता येणार नाहीत. आणि पाऊस पडला का, ते रोज वहीत लिही.

पेठेतला: कागलला कुठं? आमचा पण ऊस तिकडंच आहे. सापळा लावायचा असला तर सांगा, हुमणी आमच्याकडं तुमच्यापेक्षा जास्तच निघंल.