नवीन ५५ इंची टीव्ही परत करून ४३ इंची घ्यावा का? (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी,

आमचे घर बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका खेड्यात आहे. घर जुने, कौलारू असून भिंती चिऱ्याच्या आहेत. गेली अकरा वर्षे सोप्यात ३२ इंची टीव्ही होता. तो दिवाळीनंतर बंद पडला, आणि आईची दृष्टी अलीकडे मंदावल्यामुळे या वेळी मोठा पडदा घ्यावा असे घरात सर्वानुमते ठरले. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हेही एक निमित्त होतेच. कोल्हापुरात स्वस्त मिळेल असे भाऊ म्हणत होता. पण १ जुलै २०१७ नंतर महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंना कर एकच असल्याने शंभराहून अधिक किलोमीटर जाऊन खोके आणण्यात मला अर्थ वाटला नाही, म्हणून बेळगावातूनच ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला.

टीव्ही येऊन सहा दिवस झाले आहेत. दुकानदाराने दहा दिवसांच्या आत बदलून देण्याचे तोंडी मान्य केले आहे, त्यामुळे माझ्याकडे चारच दिवस उरले आहेत.

मुख्य तक्रार चित्राची आहे. दुकानात डोळे दिपवणारे दिसलेले चित्र आमच्या घरी मराठी वाहिन्यांवर जुन्या टीव्हीपेक्षाही वाईट दिसते. चेहरे पुसट, अक्षरांच्या कडा फाटलेल्या, आणि बातम्यांखालची पट्टी तर आईला मुळीच वाचता येत नाही, जी ती जुन्या टीव्हीवर चष्मा लावून वाचत असे. आईचा पलंग भिंतीपासून आठ फुटांवर आहे. दुसरे असे की, जुने चित्रपट लावले की ते नाटकाचे चित्रीकरण पाहत असल्यासारखे वाटतात. माणसे जरा जास्तच सुळसुळीत चालतात. तिसरी अडचण आवाजाची: आवाज वाढवला तरी पार्श्वसंगीतच वाढते, बोलणे कळत नाही.

टीव्ही बसवायला आलेल्या मुलाने भिंतीला दोन भोके पाडली, त्यातून ओंजळभर लाल माती गळाली, आणि ही भिंत वजन धरणार नाही असे सांगून तो निघून गेला. टीव्ही पायांवर उभा करावा तर त्याचे पाय दोन टोकांना आहेत आणि आमचे शोकेस तीन फूट रुंद आहे. सध्या तो दोन बाकांवर फळी टाकून उभा आहे.

घरातील मत असे आहे की पडदा घराला मोठा झाला, ४३ इंची घेऊन मोकळे व्हावे. आकार खरोखरच चुकला आहे की दोष दुसरीकडे आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (बेळगाव, शहापूर)

आकार चुकलेला नाही, त्यामुळे बदलण्याची घाई करू नये. माझा टीव्ही दुरुस्तीचा व्यवसाय आहे आणि नेमकी हीच तक्रार घेऊन महिन्यातून दोन-तीन जण येतात.

साध्या एसडी (कमी ठिपक्यांच्या) वाहिनीचे चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे, म्हणजे सुमारे चार लाख ठिपक्यांचे असते. आपल्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके आहेत. आलेल्या एका ठिपक्यातून टीव्हीला वीस ठिपके स्वतःच्या अंदाजाने भरावे लागतात. शिवाय ५५ इंची पडद्याचे क्षेत्रफळ ३२ इंचीच्या जवळजवळ तिप्पट असल्याने पूर्वी झाकलेले दोष आता उघडे पडतात. पडद्याच्या उंचीच्या साधारण सहापट अंतर एसडीसाठी आणि तिप्पट अंतर एचडीसाठी (जास्त ठिपक्यांच्या, अधिक स्पष्ट चित्रासाठी) योग्य मानतात. आपल्या पडद्याची उंची सुमारे ६८ सेंटिमीटर आहे. म्हणजे एसडीसाठी आईंना साडेतेरा फुटांवर बसावे लागेल, पण एचडीसाठी आठ फूट पुरेसे आहेत. ४३ इंची घेतल्यास दोष थोडे झाकले जातील, परंतु ज्या कारणासाठी मोठा टीव्ही घेतला ते कारणच बाद होईल.

तेव्हा प्रथम सेट टॉप बॉक्सच्या मागे पाहावे. तो टीव्हीला लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या पिनांच्या वायरने जोडलेला असेल, तर एचडी वाहिनी लावूनही चित्र सुधारणार नाही, कारण त्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. तिथे एचडीएमआय वायर (एचडी चित्र आणि आवाज एकत्र नेणारी, चपट्या तोंडाची) हवी, आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८० हा एचडी चित्राचा पर्याय निवडलेला हवा. त्यानंतर पॅकेज पाहावे. आपल्याकडे कर्नाटकातील पॅकेजमध्ये कन्नड वाहिन्यांचा भरणा असतो आणि मराठी एचडी वाहिन्या बहुधा नसतातच. मात्र २०१९ पासून वाहिनी सुटी निवडण्याची सोय आहे, त्यामुळे आई पाहतात तेवढ्या दोन-तीन मराठी वाहिन्यांची एचडी आवृत्ती घेतली तरी पुरे. एचडी वाहिनीचा क्रमांक वेगळा असतो; पैसे भरूनही जुन्याच क्रमांकावर एसडी पाहत बसलेली घरे मी पाहिली आहेत.

चित्रपट नाटकासारखा दिसतो, कारण चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात आणि टीव्ही मधली चित्रे स्वतः तयार करून भर घालतो. सेटिंगमध्ये मोशन किंवा स्मूथ असा शब्द असलेला पर्याय शोधून तो बंद करावा. चित्राचा प्रकार ‘व्हिविड’ असेल तर ‘सिनेमा’ करावा. तो भडकपणा दुकानातल्या दिव्यांसाठी असतो, सोप्यासाठी नव्हे. आवाजाबाबत सांगायचे, तर पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. आधी आवाजाच्या सेटिंगमध्ये बोलणे स्पष्ट करणारा पर्याय निवडून पाहावा, आणि तेवढ्याने भागले नाही तरच साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा वेगळा लांबट स्पीकर, घ्यावा.

प्रतिसाद (नंदगड)

आमच्याही भिंती चिऱ्याच्या आहेत. चिरा वजन धरतो, दोन चिऱ्यांमधली मातीची दर्ज (सांधा) धरत नाही. त्या मुलाने बहुधा दर्जेतच भोक पाडले असावे. आम्ही चार चिरे निवडून प्रत्येकाच्या मध्यभागी लांब बोल्ट घालून एक जाड फळी भिंतीला सपाट बसवली आणि टीव्ही टांगायचा स्टँड त्या फळीवर घेतला. फळी बसवताना आई पलंगावर बसल्यावर त्यांची नजर पडद्याच्या मध्यावर येईल अशी उंची ठरवा. देवळीच्या वर टीव्ही टांगून माना मोडून घेतलेली मंडळी आमच्या गल्लीत आहेत.

आणखी एक. वळीव सुरू व्हायच्या आत घराचे अर्थिंग तपासून घ्या. कडकडाट सुरू झाला की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढायचा आणि छतावरून येणारी डिशची वायरही काढायची. शेजाऱ्यांनी प्लग काढला होता, डिशची वायर राहिली, आणि टीव्ही गेला.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. बॉक्सच्या मागे तीन रंगांची वायरच होती. नवा टीव्ही जोडताना पुतण्याने जुनीच वायर लावली होती, आणि एचडीएमआयचे भोक धुळीने भरले होते. वायर बदलली, दोन मराठी एचडी वाहिन्या घेतल्या, आणि सूनबाई धारवाडकडच्या असल्याने एक कन्नडही घेतली. आई आता खालची पट्टी पलंगावरून वाचते. तिचे नवे म्हणणे असे आहे की नटांच्या तोंडावरची पावडर दिसते. बोलणे स्पष्ट करणाऱ्या पर्यायाने थोडा फरक पडला आहे, पुरेसा नाही. साउंडबारचे पुढच्या महिन्यात पाहू.

टीव्ही परत करत नाही, हे दुकानदाराला कळवले आहे. सुतार रविवारी येणार आहे. भिंतीवरची फळी सागाचीच हवी, की माळ्यावर बरीच वर्षे पडून असलेली फणसाची फळी चालेल, एवढे नंदगडच्या सदस्यांनी सांगावे.