मदत हवी आहे: पेन्सिलीने अंधार होतच नाही, नुसती चकाकी येते

मंडळी, गेल्या आठवड्यात लाइट गेले तेव्हा आजी कंदिलाच्या उजेडात तांदूळ निवडत बसली होती. कंदील खाली, तिच्या डाव्या हाताला. नाकाची सावली उजव्या गालावरून थेट डोळ्यापर्यंत चढलेली. मोबाइलवर फोटो काढला आणि आता तो ए३ कार्ट्रिजवर (चित्रकलेचा जाड कागद) उतरवतेय.

चेहरा जमलाय, अंधार जमत नाही. आधी एचबी पेन्सिलीने दाबून भरलं, बोटाने घासलं, मग वर ८बी (जास्त मऊ आणि काळी) फिरवली. ती धरतच नाही, घसरते. कागद तिरका केला की तव्यासारखा चमकतो. गालावरची सावली तर डागच वाटते. धाकटा भाऊ म्हणाला, "आजीला काजळ का फासलंस?"

पेन्सिलीऐवजी चित्रकलेचा कोळसा घेऊ का? पण घरात पांढऱ्या भिंती आहेत, आणि आई आहे.

प्रतिसाद १:
एचबी दाबून तुम्ही कागदाची खरखर मारून टाकलीत. ८बीला धरायला काही उरलंच नाही, त्या जागेचा नाद सोडा. नव्या कागदावर सगळ्यात गडद जागा आधी ठरवा आणि तिथे थेट ४बी. हलक्या हाताने तीन-चार थर, दर थराला रेघांची दिशा बदलून. ८बी शेवटी. बोट अजिबात नको, हाताचं तेल उतरतं. कोळसा चमकत नाही हे खरं, पण ग्रॅफाइटवर, म्हणजे पेन्सिलीच्या थरावर, तो नीट बसत नाही. वापरायचाच तर आधी कोळसा.

प्रतिसाद २:
काजळाचं उत्तर कडेत आहे. सावलीची कड सगळीकडे सारखीच धारदार काढली असणार. नाकाजवळ ती स्पष्ट असते, डोळ्याकडे जाताना विरते.

दुसरं, फोटो नाइट मोडवर होता का? तो अंधार उजळून टाकतो. आजींना पुन्हा बसवा, ट्यूबलाइट बंद, आणि डोळे किलकिले करून बघा. अंबाडा आणि मागची भिंत वेगळी दिसते का? नसेल तर चित्रातही ती कड हरवू द्या. हनुवटीखाली मात्र काळं भरू नका, तांदळावरचा उजेड तिथे परततो. चित्रकार सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र बघा, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं. तिथे उजेड बोटांतूनसुद्धा झिरपतो.

धागाकर्ती:
नाइट मोडच होता! आजी तयार आहे, पण म्हणते तांदूळ झाले, आता गहू निवडायचे राहिलेत.