चौथीतल्या मुलाच्या पोटातून वेगळाच आवाज, काळजी करावी का?

शाळेतली_सिस्टर
नमस्कार, मी मुलुंडला एका शाळेत नर्स आहे, दोन वर्षं झाली, त्याआधी मोठ्या माणसांच्या वॉर्डात होते त्यामुळे लहान मुलांच्या पोटाचा अनुभव तसा कमीच. आज चौथीतला एक मुलगा दुसऱ्या तासाला पोट धरून आला. सकाळची शाळा, निम्मी मुलं नुसतं दूध पिऊन येतात, म्हटलं पोटात कावळे ओरडत असतील, रोज दोन-तीन मुलं तशी येतातच, बिस्किटं खाल्ली की वर्गात जातात. पण ह्याच्या पोटातला आवाज मला टेबलाच्या पलीकडून ऐकू येत होता. स्टेथो लावला तर गुडगुड लाटेसारखी चढत यायची, त्याच वेळी तो ओठ आवळून पुढे वाकायचा, आणि शेवटी बारीक उंच टिंग टिंग, स्टीलच्या पिंपात नळ थेंब थेंब गळतो ना अगदी तसा. मग थोडा वेळ शांत, की परत सुरू. पोट जरा फुगल्यासारखं वाटलं पण मुलगा मुळातच गुटगुटीत आहे. ताप नाही, जुलाब नाही, एक उलटी झाली ती बाथरूममध्ये, मी बघितली नाही. आईला फोन केला, त्या सव्वाअकराला घेऊन गेल्या, गॅस असेल, बेंबीला हिंग लावते म्हणाल्या. मी घरी आले तरी तो आवाज डोक्यातून जात नाहीये. असा आवाज कोणी ऐकलाय का?

भांडुपची_आई
ताई, माझ्या मुलीचं पोट असंच वाजायचं आणि दुखायचं, शेवटी कळलं की ती शाळेतल्या संडासात जातच नाही, सकाळपासून घरी येईपर्यंत दाबून ठेवायची. डॉक्टरांनी बद्धकोष्ठतेचं औषध दिलं आणि रोज ठरलेल्या वेळेला बसवायला सांगितलं, दोन महिन्यांत बरी झाली. तेही विचारून बघा. पण तुम्ही सांगताय ते वाकणं वगैरे तिला कधी नव्हतं.

निवृत्त_सिस्टर_परळ
बाळा, आधी आईला फोन लाव, बाकीचं मग वाच. चार गोष्टी विचार: उलटीचा रंग हिरवा होता का, सकाळपासून वारा सरला का किंवा शी झाली का, पोट आणखी फुगलंय का, आणि पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण आहे का. तोंडाने काही देऊ नका म्हणावं, एरंडेल तर अजिबात नाही.

आता आवाजाचं. मी लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात बरीच वर्षं काढली. पोट वाजणं हा आजार नाही, मिनिटाला पाच ते तीस आवाज हे साधारण ठीकच, उपाशी पोटी किंवा जुलाबात त्याहून जास्त वाजतं. पण कळ आणि आवाज एकदम चढतात, उंच टिंगटिंग येते, सोबत उलटी आणि फुगलेलं पोट, तेव्हा आतडं कुठेतरी अडलेल्या जागेतून पुढे ढकलायला धडपडत असतं. आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेव, असं पोट नंतर गप्प झालं तर आई म्हणते आता शांत झोपला, पण ते दमलेलं आतडं असू शकतं, ते जास्त वाईट.

पुढच्या वेळी क्रम असा ठेव: आधी शर्ट वर करून नीट बघ, मग ऐक, हात सगळ्यात शेवटी लाव, कारण दाबल्याने आवाज बदलतात. स्टेथो तळहातावर गरम करून घे, थंड लागला की मूल पोट आवळतं. आवाज नाहीतच असं म्हणायच्या आधी पाच मिनिटं पूर्ण ऐक. जांघेत गाठ दिसते का तेही बघायचं, दुसऱ्या एका बाईंना सोबत उभं करून, आणि मुलगा असेल तर खाली गोटीत दुखतंय का हे विचारायला लाजायचं नाही, पीळ पडला असेल तर हातात सहा तासच असतात आणि मुलं लाजून पोटच दुखतंय म्हणतात. पण नुसत्या आवाजावर कधीच विसंबू नकोस. एकाच पोटाला दोन अनुभवी माणसं कान लावून वेगवेगळं सांगतात हे मी कितीदा बघितलंय. मुलाचा चेहरा बघ, तो चालतो कसा ते बघ.

बालरोग_डॉक्टर
सिस्टरांशी पूर्ण सहमत, उद्यावर टाकू नका. हिरवी उलटी असेल तर थेट जिथे लहान मुलांचे सर्जन आहेत अशा मोठ्या हॉस्पिटलमध्ये, गल्लीतल्या दवाखान्यात वेळ घालवू नका, गाडी नसेल तर १०८. जंतांचा गुंता होऊनही आतडं अडतं, म्हणून शाळेत अल्बेंडाझोलच्या गोळ्या येतात तेव्हा कोण गैरहजर होतं तेही लिहून ठेवत जा. आणि पोटदुखीत पोटच बघायचं असं नाही, फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया असला तरी मूल पोट दाखवतं, आणि मूल सारखं पाणी पितंय, सारखं लघवीला जातंय, श्वास खोल चाललाय तर शुगर तपासायची.

शाळेतली_सिस्टर
फोन झाला. दुपारपासून तीन उलट्या, शेवटची हिरवी. वारा सरलेला नाही. आणि व्रण आहे, दुसरीत असताना गावी अपेंडिक्स फुटलं होतं. मी बेंबीच्या वर स्टेथो लावला, शर्ट पूर्ण वर केलाच नाही. ते रिक्षाने निघालेत, मीही जातेय.

निवृत्त_सिस्टर_परळ
जा. जुनं ऑपरेशन झालंय हे केसपेपर काढतानाच सांग, कोणी विचारायची वाट बघू नकोस.

शाळेतली_सिस्टर
सहा दिवसांनी लिहितेय, माफ करा. उभ्याने एक्स-रे काढला त्यात आतड्यात हवा आणि पाण्याच्या पातळ्या दिसल्या, जुन्या ऑपरेशनमुळे आतडं चिकटून अडलं होतं. नाकातून नळी, सलाईन, तोंडाने काहीच नाही. ऑपरेशनची तयारी ठेवली होती पण तिसऱ्या दिवशी पहाटे वारा सरला, त्याच्या आईने मला तेव्हाच फोन केला, रडत होत्या. काल पेज खाल्ली. शाळेत येऊन त्याचा फॉर्म काढला तर मागच्या पानावर लिहिलेलं होतं, 'ऑपरेशन: हो', एवढंच. आता सगळे फॉर्म काढून बसलेय, जिथे जिथे हो आहे त्या घरी फोन करून कसलं, कधी, कुठे ते विचारतेय. अठ्ठावीस झालेत.

निवृत्त_सिस्टर_परळ
बरं वाटलं गं वाचून. असं चिकटणं परत होऊ शकतं, म्हणून त्याच्या वर्गशिक्षिकेलाही सांगून ठेव, पोट दुखतंय म्हणाला तर तास संपेपर्यंत बसवून ठेवू नका म्हणावं, लगेच तुझ्याकडे पाठवायचं.